माहेर दूर असताना गोव्यात बाळंतपण

नोकरीसाठी पुण्या-कोल्हापूरकडून येऊन वेर्णा, पर्वरी, म्हापसा, फोंडा अशा ठिकाणी बिऱ्हाड केलेल्या जोडप्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इथली चांगली डॉक्टर कोण?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा किंवा तिसरा असायला हवा. गोव्यात डॉक्टर मिळतात, इस्पितळंही आटोक्यात आहेत. कमी पडतात ती माणसं. रात्री दोनला बाळाला कोण घेणार, बाळंतिणीची पेज कोण शिजवणार, जन्मदाखल्यासाठी पंचायतीत कोण खेपा घालणार? माहेरच्या गावात याची सोय न बोलता होते. इथे ती आधीच लावून ठेवावी लागते, त्यामुळे या लेखात प्रसूतीच्या दिवसापेक्षा पुढच्या सव्वा महिन्याबद्दल जास्त आहे.

इथेच की माहेरी, हे पाचव्या महिन्यापर्यंत ठरवा

सातव्यात ओटी भरून मुलीला माहेरी न्यायची रीत आपल्याकडे अजून आहे आणि ती वाईट नाही. फक्त "बघू, तेव्हाचं तेव्हा" असं ठेवलं की नवव्या महिन्यात तारांबळ उडते. बहुतेक विमान कंपन्या ३६ आठवड्यांनंतर गरोदर बाईला नेत नाहीत, त्याआधीच्या काही आठवड्यांतही डॉक्टरांचं पत्र मागतात. गाडीने जायचं तर चोर्ला, आंबोली नाहीतर अनमोड, कुठला तरी घाट चढावाच लागतो आणि जुलै-ऑगस्टात तिथे दरडी आणि धुकं. रेल्वे त्यातल्या त्यात बरी, पण थिवीला किंवा मडगावला गाडी थोडाच वेळ थांबते. पोट सांभाळत चढायचं तर सोबत एक माणूस आणि खालचा बर्थ हवाच.

माहेरी जायचं ठरलं तर ३४व्या आठवड्यापर्यंत तिथल्या डॉक्टरांकडे नाव घातलेलं असावं आणि इथले सगळे रिपोर्ट बरोबर असावेत. जुळी आहेत, रक्तदाब वाढतोय, साखर आहे, आधीचं सिझेरियन आहे, यातलं काही असेल तर ज्या डॉक्टरांनी सुरुवातीपासून पाहिलंय त्यांच्याकडेच बाळंत होणं शहाणपणाचं. अशा वेळी आईने गोव्यात यावं. आयांना ते पटवणं सोपं नसतं, पण पाच महिने हातात असले की पटतं.

नाव कुठे घालायचं

महाराष्ट्रातून आलेली बाई घरी आशाताई येईल म्हणून वाट बघते. गोव्यात आशा कार्यकर्त्यांची योजना राबवलेलीच नाही. इथे तुमचा पहिला दुवा म्हणजे जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथली नर्सबाई आणि वाड्यावरची अंगणवाडी. तपासणी खासगीत करणार असाल तरी आरोग्य केंद्रात नाव जरूर घाला. तिथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्यात वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं आणि पुढे बाळाच्या लसी सगळं एका जागी उतरतं. कार्ड कुठल्याही राज्यात चालतं, माहेरी गेलात तरी तिथल्या केंद्रात त्यावर पुढची नोंद होते.

चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, निदान १८० दिवस, आणि कॅल्शियमची वेगळ्या वेळी. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तरीही तेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली स्त्रीरोगतज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी गर्दी असते, पण खासगी डॉक्टरांचं मत एकदा ताडून बघायचं असेल तर ही संधी फुकट जाऊ देऊ नका.

सोनोग्राफीच्या वेळी ओळखपत्र मागतात, फॉर्मवर सही घेतात. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. गावाकडून फोन करून "जरा विचारून बघ ना" म्हणणाऱ्यांना तिथेच थांबवा.

रक्तगट पहिल्याच भेटीत बघतात. आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर २८व्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन लागतं, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आणखी एक. कार्डाच्या पहिल्या पानावर रक्तगट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

इस्पितळ निवडताना

सरकारी रचना आधी समजून घ्या. सर्वांत वर बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे वर्तमानपत्रांतलं "गोमेकॉ". १८४२ साली पोर्तुगिजांनी सुरू केलेल्या वैद्यकशाळेचा हा वारसा. त्याखाली उत्तरेला म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, ज्याला जुनी माणसं अजून "आझिलो" म्हणतात, आणि दक्षिणेला मडगावचं, ज्याचं "हॉस्पिसियो" हे नाव काही पुसलं जात नाही. फोंडा आणि चिखली इथे उपजिल्हा इस्पितळं आहेत. रिक्षावाल्याला अधिकृत नावापेक्षा ही जुनी नावं चटकन कळतात, म्हणून पाठ असू द्या. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या बायकाही गुंतागुंत झाली की बांबोळीलाच येतात, त्यामुळे तिथे गर्दीला तोटा नाही आणि मराठीलाही नाही.

खासगी इस्पितळं पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा सगळीकडे आहेत. खोली छान, वेळ घेतली की डॉक्टर भेटतात, नवऱ्याला सोबत बसता येतं. निवडताना मात्र खोलीचे पडदे बघू नका, पुढच्या चार गोष्टी विचारा. रात्री भूलतज्ज्ञ इस्पितळात असतात की घरून बोलावतात? बाळाचे डॉक्टर प्रसूतीच्या वेळी हजर असतात का? रक्त लागलं तर कुठून आणि किती वेळात येतं? आणि बाळाला अतिदक्षता लागली तर इथेच ठेवतात की बांबोळीला पाठवतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "पाठवतो" असं आलं तर त्या इस्पितळातून बांबोळीचा रस्ता किती मिनिटांचा, हे तुमच्या निवडीत धरा. आठव्या महिन्यातच कळा आल्या किंवा बाळ फारच लहान आहे असं सोनोग्राफीत दिसलं, तर मी म्हणेन सरळ बांबोळीच गाठा. बाळंतीण एकीकडे आणि बाळ दुसरीकडे ही अवस्था पहिल्या आठवड्यात फार छळते. दूध काढून डब्यात भरून नवऱ्याने झुआरी पूल ओलांडत हेलपाटे घालायचे, हे मी शेजारच्या घरात जवळून पाहिलं आहे.

खासगीत "पॅकेज" सांगतात, तेव्हा त्यात काय नाही ते विचारा. बाळाच्या डॉक्टरांची फी, भूल, औषधं, काविळीसाठी बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं तर त्याचे दिवस, हे बहुतेकदा वेगळं असतं. आमच्या ओळखीत एका इस्पितळाने सांगितलेल्या आकड्याच्या दीडपट बिल हातात ठेवलं होतं, आणि प्रत्येक ओळ "नियमाप्रमाणे" होती. लेखी घ्या.

सरकारीत जायचं असेल तर सहाव्या-सातव्या महिन्यात एकदा बाह्यरुग्ण विभागात जाऊन केसपेपर काढून ठेवा. सकाळी लवकर पोचा, घरून न्याहरी करून निघा, बसायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका. कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदाच पाय ठेवणाऱ्या बाईपेक्षा जिची फाईल आधीपासून आहे तिचं काम पुष्कळ सोपं होतं. प्रसूती कक्षात नवऱ्याला सहसा सोडत नाहीत, वॉर्डात सोबत बाईमाणूसच लागतं. घरात दुसरी बाई नसेल तर ही अडचण आधीच ध्यानात घ्या, कारण ती ऐन वेळी सुटत नाही. नर्सबाया कोकणीत बोलतात, तुम्ही मराठीत बोला, दोघींचं काही अडत नाही. मोठ्याने दरडावणं हीही तिथली एक बोली आहे, फार मनाला लावून घेऊ नका. प्रश्न मात्र विचारत राहा.

पैसे आणि योजना

गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ची. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त जणांच्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण. पण अट पाच वर्षांच्या वास्तव्याची. म्हणजे नुकत्याच आलेल्यांना ते कार्ड मिळत नाही. २०१८पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावायला सुरुवात झाली. दुसरीकडे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी इस्पितळात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी मोफत असते. तेव्हा केसपेपर काढतानाच "आम्हाला काय लागू होतं?" हे खिडकीवर स्पष्ट विचारा आणि भाडेकरार, आधार, माता-बाल कार्ड बरोबर न्या.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत येतात: गरोदरपणाची नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम. उत्पन्नाच्या आणि इतर अटी आहेत, अर्ज अंगणवाडीतून होतो. पैसे आईच्याच आधार-जोडलेल्या खात्यात येतात. लग्नानंतर नाव बदललंय पण आधारवर माहेरचं आणि बँकेत सासरचं, असा घोळ असेल तर तो आत्ताच निस्तरा. मुलगी झाली तर राज्याच्या महिला व बालविकास खात्याची ममता योजनाही आहे. तिची चौकशीही अंगणवाडीतच करा.

वेर्णा, कुंडई, पिसुर्ले इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजना लागू असते, तिचं इस्पितळ मडगावला. स्वतः विमाधारक असलेल्या आईला २६ आठवड्यांच्या रजेचा पगारही तिथूनच मिळतो, नवऱ्याच्या कार्डावर फक्त उपचार. खासगी आरोग्य विमा काढलेला असेल तर बाळंतपणासाठी प्रतीक्षाकाळ किती, हे बघा. दिवस गेल्यावर काढलेला विमा या बाळंतपणाला बहुधा उपयोगी पडत नाही. कंपनीचा सामूहिक विमा असेल तर तो मात्र बरेचदा पहिल्या दिवसापासून चालतो.

माणसं जमवणं

आई किंवा सासू येणार असेल तर तिला दिलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधी आणा. पहिलटकरणीला उशीर होतो म्हणतात, पण बाळ कॅलेंडर बघत नाही. एकच माणूस येणार असेल तर ते थकतं, हे धरून चाला. साठी ओलांडलेली आई स्वयंपाक, बाळाचं न्हाणं, बाळंतिणीचं मालीश आणि आल्यागेल्याचा चहा एवढं सगळं करू शकत नाही. तिला बाळ आणि मुलगी सांभाळू द्या. स्वयंपाक, धुणं, केर-फरशी यासाठी बाई वेगळी लावा, आणि ती आठव्या महिन्यात लावा म्हणजे तिला घर आणि घराला ती सवयीची होते.

न्हाऊ घालणारी बाई इंटरनेटवर शोधून मिळते ती महाग आणि अनोळखी. गोव्यात ती तोंडी मिळते. अंगणवाडीसेविका, वाड्यावरच्या देवळाच्या आवारात बसणाऱ्या आज्या, मासळी घेऊन दारावर येणारी बाई, यांना विचारा. ख्रिस्ती शेजारी असतील तर त्यांनाही विचारा, त्यांच्याकडेही बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची परंपरा पक्की आहे आणि बाया बऱ्याचदा त्याच असतात. येण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: रोजचे पैसे, किती दिवस, आणि काय करायचं नाही. शेवटचं महत्त्वाचं. बाळाच्या नाकात-कानात तेल घालायचं नाही, बेंबीला काही लावायचं नाही, डोक्याला आकार द्यायला दाबायचं नाही, पायाला धरून उलटं लटकवायचं नाही. अनुभवी बाई यावर फणकारते, "मी पन्नास पोरं न्हाणली" म्हणते. म्हणू द्या. बेंबीची नाळ गळेपर्यंत बाळाला ओल्या कपड्याने पुसलं तरी चालतं. सिझेरियन असेल तर बाळंतिणीच्या पोटाचं मालीश डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणखी एक माणूस लागतं: गाडी असलेला, रात्री फोन उचलणारा शेजारी. गोव्यात अॅपवरच्या टॅक्सीवर रात्री विसंबू नका, आतल्या वाड्यांवर ती मिळतेच असं नाही. १०८ची रुग्णवाहिका मोफत आहे आणि गोव्यात ती २००८पासून धावते. फोन करताना घराची खूण सांगता आली पाहिजे. गोव्यातले पत्ते घर क्रमांकावर नाहीत, कपेल (छोटं चर्च), वडाचं झाड, भाटकाराचं म्हणजे जमीनदाराचं जुनं घर यांवर चालतात. ती खूण कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा, म्हणजे घाबरलेली सासूही वाचून सांगू शकेल.

रस्ता, पाऊस आणि पिशवी

दिवाडीसारख्या बेटावर राहत असाल तर फेरीबोटीच्या रात्रीच्या वेळा माहीत हव्यात आणि शेवटचा आठवडा अलीकडच्या काठावर कुणाकडे तरी काढणं उत्तम. दक्षिणेकडून बांबोळीला येताना झुआरीवरच्या नव्या पुलामुळे पूर्वीचा खोळंबा बराच कमी झाला. पण ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या (चर्चच्या मोठ्या सणाच्या) दिवशी, कार्निव्हालला पणजीत, आणि नाताळ ते नववर्ष कळंगुट-बागाच्या पट्ट्यात गाडी हलत नाही. तारीख या दिवसांच्या आसपास असेल तर पर्यायी रस्ता नवऱ्याने एकदा गाडी चालवून बघावा.

जून ते सप्टेंबरमध्ये बाळंत होणार असाल तर निम्मी तयारी पावसाची. दुपटी वाळत नाहीत, वीज जाते, भिंतींना ओल येते. दुपटी एरवीपेक्षा दुप्पट ठेवा, इस्त्रीने कोरडी करूनच वापरा. पंख्यापुरता इन्व्हर्टर असेल तर फारच बरं. मच्छरदाणी मात्र बाराही महिने, दिवसाही, कारण डेंग्यूचा डास दिवसाच चावतो.

पिशवीत काय भरावं याच्या याद्या सगळीकडे सापडतात, त्या मी देत नाही. कागद मात्र प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीतच ठेवा. छत्री, ओले हात आणि दारातली धावपळ यात माता-बाल कार्डावरची शाई पसरली की रक्तगटही वाचता येत नाही. आई-वडिलांच्या आधारच्या प्रती, लग्नाचा दाखला, भाडेकरार, विम्याचं कार्ड, शेवटची सोनोग्राफी, एवढं त्यात असू द्या.

निघायचं कधी? कळा पाच-पाच मिनिटांनी नियमित येऊ लागल्या की. पाणी गेलं, लाल रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, यातलं काहीही झालं तर कळांची वाट न बघता लगेच.

इस्पितळातले दिवस

बाळ जन्मल्यावर तासाभरात छातीशी लावा. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक थेंब-थेंबच असतो आणि तेवढाच पुरतो, कारण बाळाचं पोटही तेवढंच असतं. "दूध येत नाही, वरचं द्या" असा घोष सुरू होतो तेव्हा नर्सबाईला बोलावून बाळ नीट धरायला शिका. स्तनाग्रच नाही, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. मध चाटवायचा नाही, सोन्याच्या अंगठीने तर अजिबात नाही. मधातल्या जिवाणूंनी तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षभर मध बंद.

सुटी मिळण्याआधी बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-ब ची लस दिली का ते कार्डावर बघा. कावीळ-ब ची २४ तासांच्या आत द्यायची असते. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइड तपासलं का आणि कानांची तपासणी कधी, हेही विचारा. जन्मजात थायरॉइडचा दोष वेळीच कळला तर रोजच्या एका गोळीने मूल अगदी नीट वाढतं.

जन्मदाखला

इस्पितळ जन्माची खबर निबंधकाला देतं, पण कुठल्या? ज्या पंचायतीच्या किंवा पालिकेच्या हद्दीत इस्पितळ आहे, त्या. तुम्ही राहता पर्वरीला आणि बाळ झालं मडगावला, तर दाखला मडगावचा. सुटी मिळताना नोंद कुठे पाठवली ते लिहून घ्या, नाहीतर दोन पंचायती आणि एक पालिका फिरावी लागते.

जन्म २१ दिवसांत नोंदवायचा. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार, पुढे मतदार यादी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. त्यामुळे यात चूक परवडत नाही.

इस्पितळात जो फॉर्म भरतात तो नर्सबाई किंवा कारकून भरतात, आणि घाईत भरतात. आईचं नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच, वडिलांचं मधलं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, हे सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तयार ठेवा आणि तो कागदच त्यांच्या हातात द्या. बाळाचं नाव घालायची घाई नाही. बारशाआधी नोंद नावाशिवाय होते, आणि वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. पण एकदा घातलं की घातलं. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९०चा स्वतंत्र कायदा आहे. राजपत्रात जाहिरात देऊन मोकळं होता येईल, हा महाराष्ट्रातला हिशेब इथे धरू नका. तेव्हा "स्वरा" की "स्वारा", याची भांडणं पंचायतीत जाण्यापूर्वी घरी संपवा. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा.

सव्वा महिना

सुईर (सोयर) किती दिवस पाळायचं, पाचवी-सटी करायची का, बारसं बाराव्याला की पुढे, हे ज्याच्या-त्याच्या घरचं. शेजारी गोमंतकीय असतील तर तेही पाळतात, म्हणून दहा-अकरा दिवस कुणी फिरकलं नाही तर रुसवा धरू नका. उलट ते दिवस झोपेसाठी वापरा.

खाण्याच्या बाबतीत गोवा बाळंतिणीला मानवतो. उकड्या तांदळाची पेज इथे घरोघर होते. मूठभर उकडे तांदूळ, चमचाभर मेथ्या रात्री भिजवून, सकाळी मऊ शिजवायचं, उतरवताना नारळाचा रस आणि गूळ. मेथ्यांचा कडसरपणा गुळात विरतो आणि दूध पाजून पाठीला लागलेली रग वाटीभर गरम पेजेने ओसरते. नाचणीचं तिझन, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, शेवग्याचा पाला, सगळं चालतं. अळीव म्हापशाच्या बाजारात मिळतात, डिंक मात्र गावाहूनच मागवा असं मी सांगेन, खात्रीचा असतो. पातळ भाज्या, पाणी कमी करायचं ही जुनी समजूत सोडा. दूध पाजणाऱ्या बाईला तहान लागते आणि ती भागवायची असते.

मासे खायचे की नाही, यावरून घाटावरची आई आणि गोव्याची शेजारीण यांची हमखास जुंपते. मासे खावेत. मुडदोशी हलकी, तारले आणि बांगडेही चांगले. दूध वाढावं म्हणून मोरी, म्हणजे शार्क, खायला सांगतील. ती टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात बर्फातला माल जास्त. त्या दिवसांत अंडी आणि डाळीवर भागवलेलं बरं.

शेक-शेगडी आणि धुरीबद्दल: बाळंतिणीच्या कमरेला शेक हवाहवासा वाटतो, घ्या, पण खोलीचं दार-खिडकी लावून निखारे आणि ओव्याची धुरी नको. बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीला बाधतो, आणि निखाऱ्यांच्या वायूचा वासही येत नाही. गोव्याच्या दमट हवेत बाळाला टोपी, मोजे, स्वेटर असं गुंडाळलं की घामोळं उठतं. पंखा लावा. काजळ नको. सहा महिने फक्त आईचं दूध, वर पाणीसुद्धा नाही, मेमध्येही नाही.

बाळाला हे झालं तर थांबू नका: अंगावर प्यायचं सोडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास भरभर चालतोय, पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, दिवसभरात लंगोट भिजतच नाही. आईला ताप, दुर्गंधी असलेला स्राव, तासाभरात पॅड भरेल इतका रक्तस्राव, एका पोटरीत सूज आणि दुखणं, हेही तसंच.

मनाचंही बोलायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं आणि पंधरवड्यात ओसरतं, ते बहुतेकींना होतं. पण दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नाही, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, "मी नसते तर बरं" असं मनात येतं, तर ते दृष्ट काढून जात नाही. माहेर दूर, नवरा दिवसभर कामावर आणि ओळखीचं कुणी नाही, अशा घरात याची शक्यता वाढते. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बांबोळीलाच गोमेकॉजवळ मानसोपचार संस्था आहे. पर्वरीच्या "संगाथ" संस्थेने बाळंतिणींच्या नैराश्यावर गोव्यात मोठं काम केलं आहे, आणि तेही वाड्यावरच्याच साध्या बायकांना प्रशिक्षण देऊन. स्वतःला इजा करण्याचे किंवा बाळाला काही करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी दाखवा, तिला एकटीला ठेवू नका.

बाळाचे वडील बाहेर असतील तर

गोव्यात नवरा जहाजावर किंवा आखातात, हे नवल नाही. तो जाण्याआधी त्याच्या पासपोर्टच्या आणि आधारच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती घरात ठेवून घ्या. बाळाच्या पासपोर्टसाठी दोघांची संमती लागते. वडील परदेशात असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मागवावं लागतं आणि त्याला वेळ जातो.

नागरिकत्वाचा मुद्दा इथे खास आहे, कारण १९ डिसेंबर १९६१पूर्वीच्या गोव्याशी नातं दाखवून अनेकांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतले आहेत. ३ डिसेंबर २००४पासून भारतात जन्मलेलं मूल आपोआप भारतीय ठरतं ते दोन्ही पालक भारतीय असतील तर, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल तर. दोघांनीही पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल तर बाळ गोव्यात जन्मूनही भारतीय नसतं. त्याची परदेशी कागदपत्रं आणि इथे राहण्याची परवानगी दोन्ही बघावी लागतात. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून बाळाची परदेशात नोंद करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. याच्या उलट, तुम्हीच त्याच्याकडे दुबईला किंवा कुवेतला जाऊन तिथे बाळंत झालात तर बाळाची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करायची. वर्ष उलटलं तर दिल्लीची परवानगी लागते.

दीड महिन्यानंतर

सहाव्या आठवड्यात दोघांची तपासणी: आईचे टाके, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि पुढचं अंतर ठेवायला काय वापरायचं याचा सल्ला. बाळाच्या लसी ६, १०, १४ आठवड्यांना, मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. आरोग्य केंद्रात सगळ्या मोफत असतात, वार ठरलेला असतो तो नर्सबाईकडून कळतो. मधेच गावी गेलात तर कार्ड घेऊन तिथल्या केंद्रात जा, डोस चुकवू नका. बाळाचं आधार जन्मदाखल्यावर आणि आई किंवा वडिलांच्या आधारवर निघतं. पाच वर्षांपर्यंत बोटांचे ठसे घेत नाहीत.

नोकरी असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातली आठ आठवड्यांपर्यंत प्रसूतीआधी घेता येते. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं, म्हणून गोव्यात येऊन नवी नोकरी धरताना तारखांचा हिशेब करा. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज कामाच्या मधे दोन जादा छोट्या सुट्ट्याही असतात. वेर्ण्यात काही कंपन्या मिळून एकच पाळणाघर चालवतात का, ते किती लांब आहे आणि तिथे किती वयापासून घेतात, हे रुजू व्हायच्या महिनाभर आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेलवर विचारा.